बचत गटाच्या ग्रुपवर रोज नवी योजना येते. त्यातलं खरं काय आणि ते मिळतं कसं?

"बचत गटातील महिलांना ५ लाख बिनव्याजी, आजच लिंक भरा." "लखपती दीदी योजनेत प्रत्येकीला १ लाख रुपये." "ड्रोन दीदीचे फॉर्म सुरू, शेवटचे दोन दिवस."

गावाकडच्या कुठल्याही बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, असे मेसेज दिसतीलच. खाली दहा-बारा हात जोडलेले इमोजी, एक-दोन 'माझं नाव टाका ताई', आणि मग कोणीतरी विचारतं, "पण फॉर्म कुठे भरायचा?" त्याचं उत्तर बहुतेक वेळा येत नाही.

यातली गोम अशी आहे की असे मेसेज पूर्ण खोटे नसतात. लखपती दीदी हा उपक्रम खराच आहे. ड्रोन दीदी योजनाही खरी आहे. कमी व्याजाचं कर्जही मिळतं. पण मेसेजमध्ये योजनेचं नाव खरं आणि तपशील चुकीचा असतो. त्यामुळे जे मिळणार नाही त्याच्यासाठी धावपळ होते, आणि जे खरंच मिळू शकतं ते बाजूला राहतं.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः गटात नसतील. पण घरात आई, काकू, वहिनी, आत्या यांच्यापैकी कोणीतरी नक्की असेल. महाराष्ट्रात ६० लाखांहून जास्त महिला बचत गटांशी जोडलेल्या आहेत आणि देशभरात हा आकडा १० कोटी कुटुंबांच्या पुढे गेला आहे. म्हणून हे नीट समजून घेऊया.

आधी हे बघा: तुमचा गट नेमका कोणाचा?

गावात सगळ्यालाच 'बचत गट' म्हणतात. पण गट वेगवेगळ्या छताखाली चालतात, आणि कुठली योजना मिळेल हे त्यावर ठरतं.

पहिलं छत म्हणजे 'उमेद', महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. केंद्र सरकारने २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू केलं. ते राज्यात 'उमेद' या नावाने चालतं. यात दहा ते वीस महिलांचा गट असतो. डोंगराळ, दुर्गम भागात किंवा दिव्यांगांच्या गटात पाच सदस्यही चालतात. गावातल्या गटांचा मिळून ग्रामसंघ होतो आणि अनेक ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ. तालुक्याला पंचायत समितीत उमेदचा कक्ष असतो.

दुसरं छत म्हणजे 'माविम', महिला आर्थिक विकास महामंडळ. हे राज्य सरकारचं महामंडळ आहे आणि त्याची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ ला, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात झाली. माविमच्या गटांना गावात 'सहयोगिनी' भेटते आणि गटांचं वरचं केंद्र 'लोकसंचालित साधन केंद्र' म्हणून ओळखलं जातं.

याशिवाय नाबार्डच्या कार्यक्रमातून बँकांनी किंवा स्वयंसेवी संस्थांनी उभे केलेले गट आहेत. गट आणि बँक जोडण्याची सुरुवात नाबार्डनेच १९९२ मध्ये केली होती. तेव्हा प्रायोगिक तत्त्वावर ५०० गट बँकांना जोडायचे होते. आज देशात एकट्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातच ९० लाखांहून जास्त गट आहेत.

आणि चौथा प्रकार, ज्याला गावात 'गट' म्हणतात पण तो बचत गट नसतो: खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांचे कर्ज गट. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो.

गटाला पैसा किती वाटांनी येतो?

उमेदच्या गटाचं उदाहरण घेऊ. पैसा साधारण चार वाटांनी येतो.

एक, सदस्यांची स्वतःची बचत. महिन्याला पन्नास, शंभर, दोनशे, जे ठरलं असेल ते.

दोन, फिरता निधी. गट काही महिने नियमित चालला आणि त्याची तपासणी झाली की हा निधी गटाच्या खात्यात येतो. महाराष्ट्रात तो १५ हजार रुपये होता. राज्य सरकारने २०२३ मध्ये तो ३० हजार करण्याचा निर्णय घेतला. हे पैसे परत करायचे नसतात, पण वाटूनही घ्यायचे नसतात. ते गटातच फिरवायचे, म्हणजे गरजू सदस्याला कर्ज द्यायचं, ते परत आलं की दुसरीला द्यायचं. काही गटांत हा निधी आला त्या दिवशीच समान वाटून टाकतात. तात्पुरतं बरं वाटतं, पण त्याची किंमत पुढे बँकेत मोजावी लागते. कशी, ते हिशेबात दिसेल.

तीन, समुदाय गुंतवणूक निधी. हा ग्रामसंघ किंवा प्रभागसंघामार्फत येतो, आणि गटाला तो कर्ज म्हणून मिळतो. केंद्राच्या नियमांत एका गटासाठी याची कमाल मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तो परतफेडीने वर जातो आणि मग दुसऱ्या गटाला मिळतो. म्हणजे एका गटाने थकवला तर शेजारच्या वाडीतल्या गटाचा नंबर लांबतो.

चार, बँकेचं कर्ज. सगळ्यात मोठी रक्कम इथूनच येते, आणि सगळ्यात कमी माहितीही याच्याबद्दलच असते.

बँक कर्ज किती देते? हिशेब करून बघू

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे गट किमान सहा महिने सुरळीत चालू असेल तर तो कर्जाला पात्र होतो. पहिल्या कर्जाची रक्कम गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. दुसऱ्या वेळी आठपट किंवा किमान तीन लाख. तिसऱ्या वेळी गटाच्या सूक्ष्म पत आराखड्यावरून किमान सहा लाख. हा आराखडा म्हणजे कोणाला, कशासाठी, किती पैसे हवेत याचा गटाने बसून केलेला कागद.

आता एक कल्पित गट घेऊ. दहा महिला, प्रत्येकी महिन्याला १०० रुपये बचत, दोन वर्षं.

बचत झाली २४ हजार. अंतर्गत कर्जावर व्याज मिळालं समजा ६ हजार. फिरता निधी ३० हजार. एकूण निधी ६० हजार. सहापट म्हणजे ३ लाख ६० हजार.

याच गटाने फिरता निधी वाटून टाकला असता तर निधी राहिला असता ३० हजार आणि सहापट झाली असती १ लाख ८० हजार. म्हणजे प्रत्येकीच्या हातात तीन हजार रुपये पडले आणि गटाची पत १ लाख ८० हजारांनी कमी झाली. वहीच लिहिली नसेल तर परिस्थिती आणखी अवघड होते. निधी किती आहे हेच दाखवता येत नाही.

व्याजाचं काय? अभियानातल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतच्या कर्जावर बँकेने वर्षाला ७ टक्के व्याज आकारायचं, उरलेला भार केंद्र सरकार बँकेला देतं. ३ लाखांच्या वर ५ लाखांपर्यंतच्या रकमेला बँकेचा ठरावीक दर किंवा १० टक्के, यातला जो कमी तो लागतो. मेसेजमधलं '५ लाख बिनव्याजी' बहुधा याच नियमाचं बिघडलेलं रूप असावं. ५ लाख हा आकडा खरा, सवलत खरी, 'बिनव्याजी' हा शब्द मात्र मधल्यामध्ये चिकटलेला. दर आणि सवलतीचा कालावधी वेळोवेळी बदलतो, म्हणून कर्ज घेताना शाखेत त्या वर्षीचा दर विचारून घ्यावा.

तारण? १० लाखांपर्यंत गटाकडून तारण घ्यायचं नाही. गटाच्या बचत खात्यातले पैसे अडकवूनही ठेवायचे नाहीत. २०२१ पासून विनातारण कर्जाची मर्यादा २० लाखांपर्यंत वाढवली आहे. त्यामुळे "आधी ५० हजारांची मुदत ठेव करा, मग कर्ज बघू" असं शाखेत कोणी म्हटलं तर रिझर्व्ह बँकेचं बचत गटांसाठीचं परिपत्रक दाखवायला मागा. हे आवाज चढवून सांगायची गरज नसते. ग्रामसंघाच्या पदाधिकारी आणि बँक सखीला सोबत घेऊन गेलं की काम सोपं होतं.

अजून एक नियम फार कमी जणींना माहीत असतो. गटातल्या एखाद्या बाईचं किंवा तिच्या नवऱ्याचं स्वतःचं कर्ज त्या बँकेत थकलं असेल, तर तेवढ्या कारणावरून साधारणपणे पूर्ण गटाचं कर्ज अडवू नये, असं नियम सांगतो. अट एवढीच की गट स्वतः थकबाकीदार नसावा आणि नवं कर्ज त्या थकबाकीदार सदस्याला देऊ नये. तसंच गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची कागदपत्रं लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. कर्जाच्या वेळी मात्र सगळ्यांची पडताळणी होऊ शकते.

मग सदस्याला 'शेकडा दोन' का लागतं?

हा प्रश्न प्रत्येक गटात कधी ना कधी निघतो. बँक गटाला ७ टक्क्यांनी देते, आणि गट सदस्याला शेकडा दोनने, म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपये. वर्षाचे झाले २४ टक्के. मग मधला पैसा गेला कुठे?

उत्तर: गटात राहिला. समजा एकीने ३० हजार घेतले आणि मुद्दल वर्षभर तेवढंच राहिलं असं धरलं, तर शेकडा दोनने ७,२०० रुपये व्याज झालं. त्यातले बँकेचे ७ टक्क्यांनी २,१०० रुपये. उरलेले ५,१०० गटाच्या निधीत. हप्ते भरत गेल्यावर मुद्दल कमी होतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे कमी येतात, पण वाटणी हीच राहते. हा निधी सगळ्यांचा असतो आणि त्यामुळेच पुढच्या कर्जाची पटही वाढते.

पण हा दर सरकार ठरवत नाही. गट ठरवतो. शेकडा एक करायचा की दोन, हे बैठकीत ठरावाने बदलता येतं. आजारपणासाठी कमी आणि धंद्यासाठी जास्त असंही करता येतं. सावकाराच्या शेकडा पाचपेक्षा, म्हणजे वर्षाच्या ६० टक्क्यांपेक्षा हे नक्कीच बरं. मात्र मधला पैसा गटात राहतोय की एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरात, हे वहीवरूनच कळतं. म्हणून महिन्याला एकदा वही मोठ्याने वाचणं हा सदस्यांचा हक्क आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर तो जास्तच महत्त्वाचा.

'ते' गट कर्ज वेगळं

आता तो चौथा प्रकार. खासगी मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस गावात येतो, पाच-दहा बायकांना एकत्र बसवतो, आधार कार्ड घेतो, आणि आठवडाभरात पैसे खात्यावर. हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला. एकीने भरला नाही तर बाकीच्यांनी भरायचा, ती भरत नाही तोवर कोणी उठायचं नाही.

हे कर्ज बेकायदेशीर नाही. नोंदणीकृत कंपन्यांना ते देण्याची परवानगी आहे. बँक नाही म्हणते तेव्हा अनेकींची गरज इथूनच भागते, हेही खरं. पण हा बचत गट नाही. इथे बचत नाही, फिरता निधी नाही, व्याजाची सवलत नाही, आणि व्याजाचा उरलेला पैसा गटात राहत नाही. एकाच घरात अशी तीन-चार कर्जं झाली की एकाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज घ्यावं लागतं आणि मग बाई हप्त्याच्या दिवशी घराला कुलूप लावून रानात जाऊन बसते.

त्यासाठीही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार:

• वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज.
• त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात महिन्याला १२ हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून ६ हजारांच्या आत हवेत.
• व्याज आणि सगळे खर्च एका साध्या तक्त्यात, कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचे.
• मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही.
• वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही, फोनही करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देणं यावर बंदी.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथे ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते. कर्जाच्या कार्डावर कंपनीचा तक्रार क्रमांक छापलेला असायला हवा. नसेल तर तेवढ्यावरूनच सावध व्हा.

लखपती दीदी: लाख मिळतात की कमवायचे असतात?

कमवायचे असतात. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०२३ च्या भाषणात दोन कोटी लखपती दीदींचं उद्दिष्ट सांगितलं. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ते तीन कोटींवर नेलं. २५ ऑगस्ट २०२४ ला जळगावात झालेल्या कार्यक्रमात ११ लाख नव्या लखपती दीदींना प्रमाणपत्रं देण्यात आली, आणि त्याच्या बातम्या-फोटोंनंतर महाराष्ट्रात 'लाख रुपये मिळणार' ही समजूत आणखी पसरली.

व्याख्या अशी: बचत गटातली जी महिला अशा घरातली आहे, ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एक लाख किंवा त्याहून जास्त आहे, ती लखपती दीदी. हे उत्पन्न एखाद्या वर्षी कांद्याला भाव लागला म्हणून आलेलं नको. किमान चार हंगाम किंवा धंद्याची चार आवर्तनं ते टिकायला हवं.

म्हणजे हा एक टप्पा आहे, थेट खात्यात येणारी रक्कम नाही. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. उत्पन्न कुटुंबाचं मोजलं जातं, बाईच्या स्वतःच्या हातात किती आलं हे त्यातून कळत नाही. आणि लाखभर म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० रुपये. पाच माणसांच्या घराला ते किती पुरतं, हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको.

मग सदस्याचा फायदा काय? गावात कर्मचारी उत्पन्नाची माहिती घ्यायला आल्या की त्यासोबत उपजीविकेचा आराखडा होतो. शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवणकाम, प्रक्रिया उद्योग, काय जोडता येईल ते त्यात लिहिलं जातं आणि त्याला प्रशिक्षण किंवा कर्ज जोडण्याचा प्रयत्न होतो. म्हणून तिथे "आम्हाला किती मिळणार?" याऐवजी "माझ्या आराखड्यात काय लिहिलं?" हे विचारा.

ड्रोन दीदी: तुमचा नंबर लागेल का?

नमो ड्रोन दीदी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी दिली. १,२६१ कोटींची तरतूद, देशभरातले १५ हजार गट. ड्रोन आणि साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये केंद्राचं साहाय्य, बाकी रक्कम कर्जातून आणि त्यावर ३ टक्के व्याज सवलत. गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं: ड्रोन चालवण्याचं आणि खत-औषध फवारणीचं. नंतर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना भाड्याने फवारणी करून द्यायची.

आता साधा भागाकार करा. अभियानातले ९० लाखांहून जास्त गट आणि १५ हजार ड्रोन. म्हणजे सहाशे गटांमागे एक. आणि निवड समित्यांमार्फत होते, प्रभागसंघाचं काम आणि भागातली फवारणीची गरज बघून. त्यामुळे 'शेवटचे दोन दिवस' म्हणत व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक पैसे किंवा माहिती उकळण्यासाठीच असण्याची शक्यता जास्त. तुमचा प्रभागसंघ चांगला चालत असेल आणि भागात ऊस, सोयाबीन, कापूस, द्राक्ष असं फवारणीचं काम असेल, तर चौकशी तालुका कक्षात करा.

कामाच्या संधी: वेगवेगळ्या सख्या

ड्रोनपेक्षा जास्त जणींना मिळू शकेल असं काम म्हणजे 'सखी'ची कामं.

समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे सीआरपी, गट बांधते आणि त्यांच्या बैठका, वह्या बघते. राज्य सरकारने २०२३ मध्ये त्यांचं मानधन महिना ३ हजारांवरून ६ हजार करण्याचा निर्णय घेतला. बँक सखी शाखेत बसून गटांची कागदपत्रं मार्गी लावते. बीसी सखी गावातच पैसे काढण्या-भरण्याची सेवा देते आणि तिला व्यवहारावर कमिशन मिळतं. कृषी सखी आणि पशु सखी शेती आणि जनावरांबद्दल सल्ला देतात. या जागा ग्रामसंघाच्या ठरावातून भरल्या जातात. जागा निघाली आहे हे बैठकीत कळतं. बैठकीला न जाणाऱ्या बाईला ते सहा महिन्यांनी कळतं.

यात गल्लत होते ती 'विमा सखी'ची. आयुर्विमा महामंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये विमा सखी योजना सुरू केली. दहावी पास, वय १८ ते ७०. पहिल्या वर्षी महिन्याला ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार विद्यावेतन. पण ही नोकरी नाही, विमा एजंटचं काम आहे आणि विद्यावेतनाला पॉलिसी विकण्याच्या अटी आहेत. शिवाय त्याला बचत गटात असण्याची गरज नाही. ज्यांचा गावात संपर्क चांगला आहे त्यांनी जरूर विचार करावा, पण अटी वाचून.

मानधनाबद्दल एक स्पष्ट गोष्ट. ही कामं पगारी नोकऱ्या नाहीत. वेळेवर पैसे न मिळणं, काम जास्त आणि मानधन कमी ही तक्रार जुनीच आहे, आणि उमेदशी जोडलेल्या महिलांनी त्यासाठी आंदोलनंही केली आहेत. काम घ्यायचं तर हे माहीत असूनच घ्यावं.

पापड-लोणच्याच्या पुढे जायचं असेल तर

घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्यांसाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. यात उद्योगाच्या खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान बँक कर्जाशी जोडून मिळतं. गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय आहे. हे बीज भांडवल संघामार्फत येतं आणि सदस्याने ते गटाला परत करायचं असतं. योजनांना मुदत असते, म्हणून चालू वर्षी अर्ज घेतले जातायत का हे आधी तालुका कृषी कार्यालयात किंवा उमेद कक्षात विचारा.

प्रशिक्षणासाठी बहुतेक जिल्ह्यांत 'आरसेटी' आहे, बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. शिकवणं, राहणं, जेवण मोफत. उद्यम नोंदणीही मोफत आहे. त्यासाठी कोणी पाचशे-हजार मागत असेल तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी फी नाही.

विक्रीसाठी मुंबईत दरवर्षी भरणारं महालक्ष्मी सरस प्रदर्शन सगळ्यांना माहीत आहे. तिथे स्टॉल जिल्हा कक्षामार्फत मिळतो. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये दहा जिल्ह्यांत 'उमेद मॉल' उभारायचं ठरवलं, म्हणजे गटांच्या मालाला वर्षभर विक्रीची जागा. प्रदर्शनात चार दिवस माल खपणं आणि बाराही महिने गिऱ्हाईक मिळणं यात मोठा फरक आहे. बाराही महिने माल विकायचा तर वजन, चव आणि पॅकिंग दरवेळी सारखं ठेवावं लागतं, आणि पाकिटावर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक लागतो.

खात्यातून कापलेले ४५६ रुपये

हे तर आजच तपासा. पासबुकात वर्षातून एकदा ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसत असतील, तर ते दोन विमे आहेत. ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. २० रुपयांचा सुरक्षा विमा, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाला तर २ लाख. बाई गेल्यावर घरच्यांना विमा होता हेच माहीत नसतं आणि दावा कोणी करत नाही. गटाच्या वहीत एका पानावर कोणाचा विमा चालू आहे आणि वारस कोण, एवढं लिहून ठेवलं तरी हे टळतं.

आणि लाडकी बहीण?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यात २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये. ही वैयक्तिक योजना आहे. गटात असल्याने ती मिळत नाही आणि गटात असल्याने ती बंदही होत नाही. "गटाचं कर्ज घेतलं तर पंधराशे बंद" हे योजनेच्या पात्रता निकषांत कुठेही नाही.

मेसेज आला की काय तपासायचं?

१. लिंकच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा आहे का? नसेल तर आधार, खाते क्रमांक काहीही भरू नका.
२. 'प्रोसेसिंग फी' किंवा 'नोंदणी फी' म्हणून फोनवरून पैसे मागतायत का? तसं असेल तर तिथेच थांबा.
३. ओटीपी मागितला? फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.
४. योजनेचं नाव सीआरपी, सहयोगिनी किंवा तालुका कक्षाला माहीत आहे का? त्यांना माहीत नसेल तर मेसेज पुढे पाठवू नका.

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही लिंकवरून मिळत नाहीत, हे एव्हाना लक्षात आलं असेल. फिरता निधी, बँकेचं कर्ज, सखीचं काम, बीज भांडवल, या सगळ्यांची वाट गटाच्या वहीतून जाते. उमेद याला दशसूत्री म्हणतं. त्यातली पहिली पाच सूत्रं बँकही बघते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वह्या अद्ययावत.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या महिलांनी नव्वदच्या दशकात स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अनेक प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब येत असला की समोरच्याला ऐकावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

तर तुमच्या घरातली जी कोणी गटात आहे तिला हा लेख पाठवा, किंवा वाचून दाखवा. आणि पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न विचारायला सांगा: आपला एकूण निधी आज किती आहे? फिरता निधी आला का, आणि तो कुठे आहे? बँकेचं पुढचं कर्ज किती मिळू शकतं? वही शेवटची कधी लिहिली?

चारही उत्तरं तिथल्या तिथे मिळाली तर गट चांगला चाललाय. मिळाली नाहीत, तर त्याच बैठकीत वही उघडून बसा. आणि घरात कोणी दहावी-बारावीची मुलगी असेल, तर तिला त्या दिवशी आईसोबत पाठवा. हिशेब लिहायला एक हात वाढेल.